दंतवैद्यापासून लपविलेल्या गोष्टी

दंतवैद्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाइतका दीन प्राणी दुसरा नसेल. तोंड उघडे, डोळ्यांवर दिव्याचा झोत, हातांच्या मुठी आवळलेल्या, आणि बोलावयाचे म्हटले तर जीभ दुसऱ्याच्या ताब्यात. अशा स्थितीत माणूस खोटे बोलणार तरी कसा, असे वाचकांस वाटेल. पण खोटे बोलावयाचे ते बहुधा खुर्चीवर बसण्यापूर्वीच बोलून झालेले असते. "दुसरा काही आजार?" असे दंतवैद्य विचारतो आणि आपण बेधडक "काही नाही" म्हणतो. दात दाखविण्यास आलो आहोत, दातांपुरते बोलावे. रक्त आणि छाती ह्यांचे येथे काय काम, अशी आपली समजूत. त्यातून हे दोन अवयव असे, की त्यांच्या विकारांचे नाव घेण्यास आपल्या पांढरपेशा घरांतून पूर्वापार बंदी. रक्तात दोष आहे म्हटले की मुलींची लग्ने अडावयाची आणि छातीत दोष आहे म्हटले की शेजाऱ्यांनी कपबशी निराळी ठेवावयाची. आमच्या घरात हे दोन्ही दोष होते व दोन्ही लपविले गेले. आता आमचे वय चौऱ्याऐंशी आहे. लपविणारी माणसे राहिली नाहीत आणि ज्यांच्यासाठी लपविले त्यांची हरकत नाही. म्हणून लिहावयास बसलो आहो.

सन १९७१ ची दिवाळी. त्या वेळी आम्ही गिरगावात, ठाकूरद्वाराजवळच्या एका चाळीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी आणि माणसे नऊ. आमची थोरली बहीण, ताई, सांगलीहून माहेरी आली होती व तिच्याबरोबर तिचा नऊ वर्षांचा मुलगा होता. अनारसे, चिरोटे आणि बेसनाचे लाडू ह्यांच्या त्या आठवड्यात भाच्याची खालची दाढ ठणकू लागली. लवंगेचे तेल झाले, मिठाच्या पाण्याच्या चुळा झाल्या. रात्री पोराचे विव्हळणे ऐकवेना म्हणून आम्हीच त्यास ॲस्पिरिनची अर्धी गोळी दिली. भाऊबीज आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला दंतवैद्याकडे न्यावयाचे ठरले. आई म्हणाली, "आणखी दोन दिवस थांबा ना, लवंगेच्या तेलाने उतरेल." आईला औषधांपेक्षा काढ्यांवर विश्वास, म्हणून ती असे म्हणते असे आम्ही धरून चाललो.

दंतवैद्य जवळचेच. वृद्ध व सावध गृहस्थ होते. सुई टोचण्यापूर्वी त्यांनी आम्हांस विचारले, "ह्याला लागले-खुपले तर रक्त लवकर थांबते ना? घरात कोणाला रक्त न थांबण्याचा विकार?" ह्या प्रश्नाचे जे उत्तर आम्ही दिले ते चोपन्न वर्षे आमच्या कानांत आहे. "छे छे, आमच्या घराण्यात तसले काही नाही, डॉक्टर." 'घराण्यात' ह्या शब्दावर आम्ही जोर दिला होता हेही आठवते.

दाढ निघाली. रक्त नेहमीसारखे थांबलेही. कापसाचा बोळा चावून पोर घरी आले, थंड दूध प्यायले आणि निजले. मध्यरात्री ताईने दिवा लावला तेव्हा उशी भिजलेली होती. दाढेच्या जागी जांभळाच्या रंगाची थलथलीत गाठ धरली होती व तिच्या कडेने रक्त पाझरत होते. मग घरगुती वैद्यक सुरू झाले. कोणी तुरटी आणली, कोणी हळद, शेजारच्या काकूंनी बर्फ आणला. गाठ दिसली की ती काढून टाकावी आणि चूळ भरावयास लावावी, असा सर्वांचा उत्साह. दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांनी टाके घातले. तर सुईच्या छिद्रांतूनही रक्त झिरपू लागले. पोराचे ओठ पांढरे पडले. गिळलेल्या रक्ताने त्याला ओकारी झाली, तेव्हा ताई गॅलरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

त्या रात्री दोनच्या सुमारास आई आमच्या अंथरुणाशी येऊन बसली. दिवा लावू दिला नाही. म्हणाली, "तुझा मामा वाताने नाही रे गेला. त्याचे गुडघे रक्ताने भरत. आणि माझ्या आईचा भाऊ दात पडल्याचे निमित्त होऊन गेला. मला ठाऊक होते."

आम्ही काय बोललो ते सांगत नाही. आईने मात्र एवढेच म्हटले, "धाकटीचा साखरपुडा झाला आहे. मार्गशीर्षात लग्न. हे बाहेर पडले असते तर?" धाकटी म्हणजे आमची धाकटी बहीण; ती पलीकडच्या खोलीत निजली होती. एकीकडे मुलीचे लग्न आणि दुसरीकडे नातवाचा जीव अशी तराजू घेऊन ती माउली दोन दिवस चुलीपाशी बसून होती. आम्हांस त्या वेळी तिचा संताप आला. पुढे तो ओसरला. तिला हे शिकविणारे आम्ही सर्वच होतो. 'आमच्या घराण्यात तसले काही नाही' हे वाक्य काही तिने दंतवैद्यांना सांगितले नव्हते.

पहाटे आमचे घरचे डॉक्टर आले. त्यांना मामाचे गुडघे आणि आजीचा भाऊ एवढे सांगताच त्यांनी पुढे काही विचारले नाही. टॅक्सी बोलावून परळला, केईएम रुग्णालयात जाण्यास सांगितले. तेथे रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि प्रथमच आमच्या कानांवर तो शब्द पडला : हिमोफिलिया. गोठविलेले ताजे रक्तद्रव पोराच्या शिरेतून देऊ लागले. तिसऱ्या दिवशी सायंकाळी दाढेची जागा कोरडी झाली. रुग्णालयात तो अकरा दिवस होता.

हा विकार काय आहे हे आम्ही पुढे हळूहळू समजावून घेतले. जखम झाली की रक्त दोन टप्प्यांनी थांबते. पहिल्याने रक्तातील बारीक चकत्या, ज्यांना प्लेटलेट म्हणतात, जखमेच्या तोंडाशी येऊन तात्पुरते बूच बसवितात. मग रक्तद्रवातील काही प्रथिने क्रमाक्रमाने एकमेकांस जागी करून त्या बुचावर तंतूंचे पक्के जाळे विणतात. हिमोफिलियात ह्या मालिकेतील आठवा किंवा नववा घटक अपुरा असतो. बूच बसते, जाळे विणले जात नाही. म्हणून दाढ काढल्यावर रक्त आधी थांबते, घरचे निर्धास्त होतात आणि काही तासांनी ते पुन्हा वाहू लागते. त्यातून तोंड ही जागा वाईट. लाळेत गोठलेले रक्त विरघळविण्याचा गुण असतो. जीभ स्वस्थ बसत नाही. आणि आपण चुळा भरून उरलेसुरले बूचही धुऊन काढतो. ॲस्पिरिन तर त्या चकत्यांनाच निकामी करते. म्हणजे आम्ही आदल्या रात्री प्रेमाने दिलेल्या अर्ध्या गोळीने पहिल्या टप्प्याचीही वाट लावून ठेवली होती! खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागे जी खोल सुई देतात ती अशा मुलास तयारीवाचून दिली तर रक्त आतल्या आत घशाकडे उतरून श्वास कोंडण्याचाही संभव असतो. त्या अरिष्टातून आमचा भाचा केवळ दैवाने सुटला.

दोष उतरतो तो आईकडून. आई स्वतः धडधाकट दिसते. परंतु तिच्या प्रत्येक मुलास हा विकार होण्याचा संभव निम्मा आणि प्रत्येक मुलीने तो पुढे वाहून नेण्याचा संभवही निम्मा. आमच्या वाट्यास तो आला नाही, हा निव्वळ छापा-काट्याचा कौल. ज्या राणीच्या नावाने आमच्या बोरीबंदराचे स्थानक ओळखले जाई, त्या व्हिक्टोरिया राणीच्या घरात हाच विकार होता. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये पडण्याचे निमित्त होऊन गेला व तिच्या मुली-नातींबरोबर हा दोष युरोपच्या राजघराण्यांत पसरला. तेथेही तो लपविला गेला. रशियाच्या युवराजाचे दुखणे प्रजेला ठाऊक नव्हते. तेव्हा आमच्या आईने लपविले तर ती राजेरजवाड्यांच्याच पंगतीस बसली म्हणावयाची. मात्र ह्या रोग्यांपैकी सुमारे तिघांत एकाच्या घरी पूर्वी कोणासच हा विकार झालेला नसतो, दोष त्याच्यापासूनच नव्याने सुरू होतो. म्हणून घराण्याच्या शुद्धतेवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय ह्याचीच एक चुलतबहीण आहे, फॉन विलेब्रांड नावाची. ती मुलींनाही होते. हिरड्यांतून वारंवार रक्त येणे, नाकाचा घोळणा फुटणे, मासिक पाळीत फार रक्तस्राव होणे, ही तिची चिन्हे. घरोघरी ह्यांस 'उष्णता' म्हणतात आणि गुलकंद देतात. दाढ काढण्याच्या दिवशी खरे नाव कळते.

धाकटीचे लग्न ठरल्याप्रमाणे झाले, डिसेंबरात, युद्धामुळे दिवे मालविलेल्या मुंबईत. तिच्या सासरी कोणी काही सांगितले नाही. तिला दोन मुलीच झाल्या.

दुसरी गोष्ट दादरची, आमच्या भाऊकाकांची. भाऊकाका व्हीजेटीआयमधून सूतकताईचे शिक्षण घेऊन लालबागच्या एका गिरणीत लागले आणि स्पिनिंग मास्तर होऊन १९७६ मध्ये निवृत्त झाले. हिंदू कॉलनीत राहत. पांढरा शर्ट, काळी टोपी, खिशात घड्याळ. सन १९४९ मध्ये ते आठ महिने मिरजेला 'हवापालटासाठी' गेले होते. गिरण्यांच्या धुराड्यांतून माणूस मिरजेस हवापालटाला जातो ह्यात कोणासच नवल वाटले नाही. निदान कोणी बोलून दाखविले नाही. तेथे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते व काका त्यातच होते, हे काकूंनी आम्हांस काका गेल्यावर सांगितले.

क्षय बरा झाला, पण कापसाने उरलेली छाती सोडली नाही. ब्लो-रूम व कार्डिंग ह्या खात्यांत कापूस पिंजताना जी बारीक धूळ उडते ती वर्षानुवर्षे आत गेली म्हणजे छाती आवळू लागते. गंमत अशी की, सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी ही आवळण सर्वांत अधिक असते. इंग्रजीत ह्या रोगास बिसिनोसिस म्हणतात आणि आपल्या कामगार विम्याच्या कायद्यात तो धंद्यापासून होणाऱ्या रोगांच्या यादीत आहे. परंतु काकांच्या लेखी तो कामगारांचा रोग. कामगार खोकत, मास्तरांना सर्दी होई. एकाच खात्यातली एकच धूळ दोघांच्या नाकांत शिरताना त्यांचा हुद्दा विचारीत असेल, अशी त्यांची समजूत असावी.

सन १९९४ मध्ये काकांचे उरलेसुरले दात हलू लागले म्हणून आम्ही त्यांस दादरच्या एका दंतवैद्याकडे नेले. ह्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. रक्तदाब, मधुमेह, रक्त थांबणे, सारे आपण होऊन सांगितले. "छातीचे काही?" असे विचारताच काका आमच्या आधी म्हणाले, "थोडी सर्दी असते." दंतवैद्याने खुर्ची पाठीमागे आडवी केली, तोंडात पाणी खेचणारी नळी घातली आणि काम सुरू केले. दोन मिनिटे झाली नसतील, काका एकदम उठून बसले. डोळे बाहेर आलेले, ओठ निळसर, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. घरी ते तीन उशांवर निजत हे आम्हांस ठाऊक होते, पण खुर्ची आडवी होताना ते आमच्या ध्यानात आले नाही. तरुण दंतवैद्य घाबरला नाही. त्याने खुर्ची ताठ केली, पंखा लावला, काकांचा श्वास बसेपर्यंत त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "आजोबा, हे आधी सांगितले असते तर आपण बसूनच केले असते." पुढील सर्व दात त्याने काकांस बसवूनच काढले, एका वेळी एक-दोन. सकाळचा खोकला व कफ सरल्यावर, उन्हे वर आली की यावे, अशी वेळ ठरविली. छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागविली.

क्षयाचे नाव काकांनी का घेतले नाही हे उघड आहे. हा मनुष्य आपल्याला हात लावणार नाही, ही त्यांची भीती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी बरा झालेला क्षय दातांच्या कामास मुळीच आड येत नाही. ज्याच्या थुंकीतून जंतू जात आहेत त्याने मात्र तातडीची नसलेली दातांची कामे डॉक्टर सांगेपर्यंत लांबणीवर टाकावीत. दाढ फारच दुखत असेल तर रुग्णालयात, जेथे दंतवैद्यास व इतर रोग्यांस जपण्याची सोय असते तेथे, ती दाखवावी. दाराआड लपविलेल्या क्षयाने दंतवैद्य, त्याचा मदतनीस आणि पुढच्या खुर्चीवरचे मूल ह्यांना धोका होतो. सांगितलेल्या क्षयाने फक्त तारीख पुढे जाते.

काकांना कवळी झाली आणि येथे आमच्या घराची दुसरी चूक सुरू झाली, जी लपविण्याचीच एक तऱ्हा होती. काका रात्री कवळी काढीत नसत. सुनांनी बोळके तोंड पाहू नये! आयुष्यभर टोपीशिवाय घराबाहेर न पडलेला तो मनुष्य. दातांशिवाय निजणे त्यांस नागवेपणासारखे वाटे. सन १९९७ च्या पावसाळ्यात ते न्हाणीघरात पडले, खुब्याचे हाड मोडले आणि अंथरुणास खिळले. सेवेत कोणी कसूर केली नाही. सुना त्यांचे अंग दोन वेळा पुसत, नखे काढीत, चादर बदलीत. थोरली सून तर रात्री उठून कूस पालटी. तोंडाला मात्र कोणी हात लावला नाही. काकांनी लावू दिला नसता आणि कोणाच्या मनातही आले नाही. दातच नाहीत तेथे धुवावयाचे काय? फेब्रुवारी १९९८ मध्ये फुप्फुसाला सूज आली आणि नवव्या दिवशी ते गेले. वय झाले होते, छाती मुळातच कमकुवत, असे सर्व म्हणाले व ते खरेही होते.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात जपानी डॉक्टरांचे एक लहानसे टिपण आले. तेथील वृद्धाश्रमांतून त्यांनी वृद्धांचे दोन गट केले. एका गटाचे तोंड सेवकांनी प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ करावयाचे, शिवाय अधूनमधून दंतसेवकाने; दुसऱ्या गटाचे नेहमीसारखे चालू द्यावयाचे. दोन वर्षांत पहिल्या गटात फुप्फुसाची सूज कमी जणांस आली व त्या सुजेने मृत्यूही कमी झाले. कारण साधे आहे. निजलेल्या वृद्धाच्या तोंडातील लाळ नकळत थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते आणि लाळेबरोबर दातांवरचे, जिभेवरचे व कवळीवरचे जंतूही उतरतात. सन २०१५ मध्ये जपानातूनच दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली. पंच्याऐंशी वर्षांपलीकडच्या माणसांपैकी जे कवळी घालून झोपत त्यांस फुप्फुसाची सूज येण्याचे प्रमाण इतरांहून सुमारे दुप्पट होते. ही गोष्ट एका डॉक्टर स्नेह्याने आम्हांस समजावून सांगितली त्या दिवशी आम्ही हिंदू कॉलनीत गेलो, पण थोरल्या वहिनींना काही सांगितले नाही. चहा घेऊन परत आलो. हेही एक लपविणेच झाले. त्याचा मात्र आम्हांस पश्चात्ताप नाही.

आता आमच्याच तोंडात खालची कवळी आहे. रात्री साडेनऊला सूनबाई पाण्याची झाकणाची डबी पुढे करतात आणि ती भरल्याशिवाय दिवा मालवीत नाहीत. आम्ही कधी कुरकुर केली तर त्या एवढेच विचारतात, "भाऊकाकांची गोष्ट सांगू का?" धाकट्या नातवाला दमा आहे. तो पंपाने औषध ओढतो. त्यानंतर त्यास चूळ भरावयास लावावी लागते, नाहीतर जिभेवर व टाळ्यावर बुरशीचे पांढरे थर येतात. दंतवैद्याकडे जाताना तो पंप खिशात असावा लागतो, हे आता त्यालाच पाठ आहे. आमचे एक शेजारी हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेत. दाढ काढावयाची म्हणून त्यांनी कोणास न विचारता गोळ्या आठवडाभर बंद ठेवल्या. दाढ ठीक निघाली आणि पाचव्या दिवशी पक्षाघात झाला. ह्या गोळ्या चालू ठेवूनही, रक्ताची आयएनआर नावाची तपासणी आधी करून व टाके घालून, बहुतेक वेळा दात काढता येतो. ते ठरविणे डॉक्टर व दंतवैद्य ह्या दोघांचे काम आहे. उलट बाजूची गोष्ट आमच्या चाळीतल्याच एका मुलीची. हिरड्या सुजून दातांवर चढल्या व रक्त येऊ लागले म्हणून ती दात साफ करून घ्यावयास गेली. दंतवैद्याने हिरड्यांना हात न लावता तिला आधी रक्त तपासावयास धाडले आणि चार दिवसांत ती परळच्या टाटा रुग्णालयात दाखल झाली. रक्ताचा कर्करोग पहिल्याने तिच्या हिरड्यांत दिसला होता. सुश्रुताने दंतमुळांच्या रोगांत शीताद नावाचा रोग सांगितला आहे, ज्यात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते. हिरडी पाहून शरीराची परीक्षा करण्याची दृष्टी आपल्याकडे जुनीच आहे.

आमचा भाचा जगला. आज तो तिरसष्ट वर्षांचा आहे, दादरला राहतो, एक गुडघा अधू आहे. ज्या काळात दुसऱ्याच्या रक्तातून आलेल्या विषाणूंनी अनेक हिमोफिलियाच्या रोग्यांचा घात केला त्या काळातून तो सुखरूप बाहेर आला. १९७१ नंतर त्याने दुसरी दाढ काढू दिलेली नाही. तशी वेळच आणली नाही. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, जेवणाखेरीज गोड नाही, दर सहा महिन्यांनी दंतवैद्य. आमच्या वयाच्या कित्येकांच्या तोंडांत कवळ्या असताना ह्या रोगी मनुष्याचे एकतीस दात शाबूत आहेत!

त्यास एक मुलगी. हिमोफिलियाच्या रोग्याची प्रत्येक मुलगी हा दोष वाहून नेतेच. तेथे छापा-काटा नाही. अशा मुलींच्या स्वतःच्या रक्तातही तो घटक कधीकधी कमी असतो, हे तिच्या आईने वाचले होते. म्हणून २०१५ मध्ये तिची अक्कलदाढ काढण्यापूर्वी केईएमच्याच आवारातील इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत तिचे रक्त तपासले. ही संस्था १९५७ साली रक्तगटांच्या केंद्राच्या रूपाने सुरू झाली. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याचा शोध १९५२ मध्ये जगापुढे मांडला, तो 'बॉम्बे' रक्तगटही परळचाच. मुलीचा आठवा घटक कमीच निघाला. मग रक्ताच्या डॉक्टरांनी दंतवैद्यास चिठ्ठी दिली. दाढेच्या जागी रक्त थांबविणारी विरघळणारी जाळी व टाके घातले. गोठलेले रक्त लाळेने विरघळू नये म्हणून ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचे औषध पाच दिवस दिले. दुखल्यास ॲस्पिरिन नव्हे, पॅरासिटॅमॉल. रक्त आले ते एका बोळ्यापुरते. आम्ही त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि आमचेच हात कापत होते.

दुसऱ्या वर्षी तिच्या लग्नाचे पाहू लागलो. सर्व वडीलधाऱ्यांची बैठक बसली. ताई पंच्याऐंशीच्या घरात होती. कोणी म्हणाले, सध्या नको, लग्नानंतर सांगू. ताई म्हणाली, "माझ्या वेळी कोणी सांगितले असते तर ती दाढ मी त्या दिवशी काढू दिली नसती." पुढे चर्चा झाली नाही. पहिल्या स्थळास सांगितले. जुळलेली पत्रिका आठवड्याने जुळेनाशी झाली. दुसऱ्या स्थळी मुलाची आई परळच्या एका शाळेत शिक्षिका होती. तिने सर्व ऐकून घेतले, वही काढून दोन-तीन शब्द लिहून घेतले आणि विचारले, "मुलगा झाला तर त्याला कोणत्या दंतवैद्याकडे न्यायचे, ते ठरले आहे का?"

लग्न २०१७ मध्ये झाले. २०१९ मध्ये मुलगा झाला. कौल ह्या वेळी उलट पडला. जन्मल्यावर लगेच तपासणी झाली, पहिला दात आला तेव्हा दंतवैद्याकडे पहिली फेरी झाली. त्याला आता शिरेतून रक्तद्रव द्यावे लागत नाही. त्वचेखाली टोचण्याचे एक नवे औषध ठरावीक दिवसांनी देतात, आणि त्याच्या आजीच्या फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्यामागे आठव्या घटकाची कुपी अडीनडीसाठी ठेवलेली असते. ह्या वर्षीच्या पाडव्यास तो आमच्याकडे जेवावयास आला होता. त्याचा पुढचा दुधाचा दात महिनाभर हलत होता. थालीपीठ खाताना तो तुटून ताटात पडला. पंगतीतील आम्ही म्हातारे तेथल्या तेथे थिजलो. त्याने स्वतःच आईकडे हात पसरला, तिने पिशवीतून घडी केलेले स्वच्छ फडके काढून दिले, ते दाताच्या जागी धरून तो घड्याळाकडे पाहत वीस मिनिटे चावून बसला. फडक्यावर रुपयाएवढा डाग पडला, त्याहून मोठा नाही.

पडलेला दात आमच्या लहानपणी कौलावर फेकीत. चाळीच्या जागी आता बावीस मजली इमारत आहे, कौल कोठून आणणार? दात धुऊन त्याने एका डबीत घातला व आमच्याकडे ठेवावयास दिला. ती डबी सध्या आमच्या उशाच्या फळीवर, कवळीच्या डबीशेजारी आहे.